काचबिंदू पिकत नसतो

"जरा पिकू दे, मग काढू" या सल्ल्याची खरी किंमत आज कळली. आमच्या अण्णांचा उजवा डोळा.

अण्णा माझे थोरले चुलते, राहणार कासार आंबोली. उजव्या डोळ्याने बरेच दिवस अंधुक दिसत होतं. मोतीबिंदूच असणार, असं भावकीनेच ठरवलं आणि सगळे तो पिकायची वाट बघत बसले.

आज मीच त्यांना गाडीत घालून डॉक्टरबाईंकडे नेलं. वाटेत अण्णांचा तोरा बघा: "आरं, आपल्या घराण्याची नजर घारीची हाय!"

बाईंनी तपासलं. "काका, हा काचबिंदू आहे. आतला दाब वाढून डोळ्याची नस सुकलीय."

"मग काढा की."

"यात काढण्यासारखं काही नसतं. गेलेली नजर परत येत नाही. डाव्यातही सुरुवात झालीय. रोज थेंब घातलेत तर तो वाचवता येईल."

"पर दुखत तर न्हाई!"

"म्हणूनच लोक उशिरा येतात."

डोकंच फिरलं माझं. जगभर माणसं या आजाराने आंधळी होतात, आणि वेळेत तपासलं तर बहुतेकांची नजर वाचते. उरवड्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरचा दाब रोज बघतात. आवाज जरा बदलला तरी मला गेटवरून कळतं. डोळा आवाज करत नाही हो!

तुमच्या घरातल्या चाळिशीपुढच्यांनी डोळ्यांचा दाब कधी मोजलाय का?

हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, म्हणून बाईंनी मलाही खुर्चीत बसवलं. माझ्याही दोन्ही डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला.