जीपमधलं डिझेल इंजिन

यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा अंगणातल्या जीपमध्ये इंजिन नव्हतं. जुनं पेट्रोल इंजिन यांनी आदल्याच महिन्यात उतरवून भंगारात दिलं होतं. धुळ्याहून आणलेलं छोटं डिझेल इंजिन ओट्यावर गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं होतं. आम्ही दवाखान्यातून आमच्या मेहरूणच्या घरी परतलो तेव्हा बॉनेटच्या आत, जिथे इंजिन असायला हवं, तिथे शेजारच्या मांजरीने पिलं घातली होती.

हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवायचे. निवृत्तीनंतर काय करायचं ते यांनी फार आधी ठरवून ठेवलं होतं. यावलकडच्या एका केळीवाल्याच्या मळ्यात कित्येक वर्षं नुसती उभी असलेली जीप विकत घ्यायची, तिच्यात कमी खाणारं डिझेल इंजिन बसवायचं आणि सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने हिंडायचं. मला त्यात फारसा रस नव्हता. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी नोकरी अजून शिल्लक आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मला घरात पडून राहायला आवडतं. पण बेत यांचा होता, आणि यांनी आजवर बेत असे फार केलेले नव्हते.

झटक्यानंतर उजवा हात आणि पाय गेला. पाय हळूहळू काठीच्या आधाराने उचलायला लागला. हात मात्र कोपरातून वाकेना, बोटं मिटलेलीच राहायची. त्याहून अवघड झालं ते बोलणं. मनातला शब्द एक आणि तोंडातून निघणारा भलताच. पाणी हवं असलं तर म्हणायचे, "चावी दे." वर म्हणायचं असलं की खाली निघायचं, डावं म्हणायचं असलं की उजवं. आणि जे नीट निघायचं ते अहिराणीत. यांचं लहानपण साक्रीकडच्या खेड्यात गेलं, पण लग्न होऊन मी आले तेव्हापासून यांच्या तोंडून मी घरात साधी मराठीच ऐकलेली. अहिराणी हे फक्त आपल्या भावाशी बोलायचे. माझं माहेर बोदवडचं, आमच्याकडची बोली वेगळी. त्यामुळे या वयात मला माझ्याच नवऱ्याची भाषा नव्याने समजून घ्यावी लागली.

पहाटे उठून यांचं सगळं आवरायचं, व्यायाम करून घ्यायचे, शेजारच्या काकूंना दुपारपुरतं बसवून शाळेत जायचं, परत येऊन पुन्हा तेच. पुण्याहून मुलगा फोन करायचा. तो म्हणाला, "आई, ती जीप भंगारवाल्याला देऊन टाक. तेवढी एक कटकट कमी होईल." मलाही ते पटलं होतं. मी यांना तसं विचारलं. हे ओट्यावर बसले होते. यांनी डाव्या हाताने गोणपाट ओढून काढलं आणि इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले, "माले बसाडानं शे." मला बसवायचं आहे.

"कोण बसवणार? तुमचा हात चालत नाही."

यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

मी नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं की समजावत बसा, यांना राग येणार, मग रडू येणार, मग जेवण राहणार. त्या दिवशी माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. मी म्हटलं, "बघू." त्याचा अर्थ यांनी हो असा घेतला.

धाकटे दीर धुळ्याला असतात. त्यांची शेती आहे, आणि त्यांना यंत्रांचं थोडंफार कळतं. ते रविवारी इंजिन उचलायची चेन कप्पी आणि ती टांगायला तीन पायांचं लोखंडी तिकाटणं घेऊन आले. आरटीओच्या परवानगीचं काम त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, भाऊचं मन रमतंय तोवर करू. नाहीच झालं तर मी टेम्पो आणून सगळं उचलून नेतो." ते दर रविवारी येऊ शकत नव्हते. मधल्या दिवसांतली कामं माझ्याकडे आली.

संध्याकाळी शाळेतून आले की चहा घेऊन मी जुनी साडी नेसायची आणि जीपपुढे बसायची. हे खुर्चीवर. गंजलेले बोल्ट सोडवायचे, रॉकेलमध्ये भिजवलेले भाग ब्रशने घासायचे, गिअरबॉक्सवरचं वर्षानुवर्षांचं काळं चिकट किटण खरवडायचं. हे म्हणायचे, "चमचा." मी पाना द्यायची. "हा नही." मग मी दुसरा द्यायची. आधी आधी मी यांच्या शब्दांकडे लक्ष द्यायची आणि दर वेळी चुकायची. मग सोडून दिलं. यांचे डोळे जिकडे बघतात तिकडे बघायचं, एवढंच करायला लागले. तोंडाने "खाले" म्हणत असले आणि डोळे वर असले, तर वरचाच नट सोडवायचा. तसं केलं की बहुतेक वेळा बरोबर निघायचं. बरोबर निघालं नाही की हे डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थापट मारायचे. आयुष्यभर शांत असलेला माणूस आजारानंतर फार लवकर चिडायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते की असं होतं, मनावर घेऊ नका. मनावर न घेण्याचंही एक काम असतं, तेही मीच करत होते.

इंजिन पहिल्यांदा कप्पीने उचलून जीपमध्ये सोडलं तेव्हा त्याचं खालचं ऑइलचं चेंबर पुढच्या अॅक्सलवर टेकलं. इंजिन अधांतरी लटकलेलं आणि आम्ही तिघं वाकून खाली बघतोय. दीर म्हणाले, "हे तर बसतच नाही." यांना मात्र ते अपेक्षित असावं. यांनी पायाने मातीत रेघ ओढून दाखवलं की चेंबर पुढून कापायचं, मागे खोल करायचं आणि इंजिन थोडं उचलून धरायचं. एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडून ते करून आणलं. त्यात पाणी भरून गळतं का ते पाहिलं. गळत होतं. पुन्हा नेलं.

मग आली प्लेट. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, दोघांची भोकं एकमेकांना जुळत नाहीत. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट करून दोघांना जोडावं लागतं. पुठ्ठ्यावर दोन्हीकडच्या भोकांचे छाप घेतले आणि दिरांनी तो पुठ्ठा धुळ्याच्या लेथवाल्याकडे नेला. प्लेट छान झाली होती, चकचकीत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळं जोडलं. क्लच, गिअरबॉक्स, इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशनं, सगळे बोल्ट मी आवळले. माझे दंड दुखून वर होत नव्हते, वेणी घालायलाही त्रास व्हायचा. शेवटी यांनी मला इंजिन हाताने फिरवून बघायला सांगितलं. पुढच्या नटाला पाना लावून मी जोर दिला. इंजिन थोडं फिरलं आणि अडकलं. आणखी जोर दिला तर आतून लोखंड घासल्याचा आवाज आला.

यांनी मला पुन्हा एकदा फिरवायला लावलं. मग म्हणाले, "बठ्ठं काढ." सगळं.

प्लेटचा मध्य चुकला होता. अगदी किंचित, पण तेवढंही चालत नाही. पुठ्ठा सरकला होता, की छाप चुकला होता, की लेथवर काही झालं, ते कधी कळलं नाही. दीर आदल्याच दिवशी धुळ्याला परत गेले होते. म्हणजे सगळं मलाच पुन्हा सोडवायचं होतं. मी पाना घेतला, एक बोल्ट सोडला, दुसऱ्याला लावला आणि तशीच जमिनीवर बसले. हात उचलेचना. रडू वगैरे आलं नाही. नुसती बसून राहिले. हे खुर्चीत पुढे वाकून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता थापट मारतील.

"तू थकनी का?" यांनी विचारलं.

आजारपण सुरू झाल्यापासून माझ्याकडे येणारा जाणारा प्रत्येक जण यांची तब्येत विचारत होता. मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मुलानेही नाही. मी म्हटलं, "हो. खूप थकले."

"राहू दे आते," हे म्हणाले. काठी टेकत उठले आणि आत गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही जीपला हात लावला नाही. यांनी विषय काढला नाही, मीही नाही. वाटलं होतं, संध्याकाळी जरा पाठ टेकता येईल. पण मी शाळेतून यायची तर हे टीव्हीसमोर. आवाज बंद, चित्र चालू, आणि यांचं लक्ष त्यातही नाही. व्यायाम करायचे नाहीत. जेवताना घास हातातच राहायचा. बोलायला लावलं तर मान हलवायचे. त्या घरात पाठ टेकूनही मला विसावा मिळेना. यांचा राग सोसणं जड होतंच, पण ते गप्प बसणं त्याहून जड झालं. त्यामानाने बोल्ट सोडवणं सोपं होतं. एका संध्याकाळी मी जुनी साडी नेसले आणि अंगणात जाऊन उरलेले बोल्ट सोडवायला लागले. थोड्या वेळाने मागे काठीचा आवाज आला. हे येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "उजवा." डोळे डावीकडे होते. मी डावा सोडला.

या वेळी पुठ्ठा नको म्हणून दीर टेम्पोच घेऊन आले. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही त्यात घालून धुळ्याला नेले आणि त्यांच्यावर बेतूनच नवी प्लेट करून आणली. जोडल्यावर इंजिन सरळ फिरलं. तरी पुढे रेडिएटर आडवा आला, सायलेन्सरचा पाइप वाकवून घ्यावा लागला, वायरिंग उंदरांनी खाल्लेली निघाली. मला आता त्यातल्या एकेका अडचणीचं काही वाटेनासं झालं होतं. अडचण यायची, आम्ही ती सोडवायचो, दुसरी यायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी इंजिन सुरू करायचं ठरलं. डिझेलच्या नळीत हवा राहिली तर इंजिन धरत नाही, म्हणून ती आधी काढावी लागते. दीर स्टार्टर मारत होते आणि मी वरचे नट एकेक करून सैल करत होते. आधी फेस आला, मग निखळ डिझेल माझ्या मनगटावर उडालं. नट आवळला. पुन्हा स्टार्टर. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं, आणि मग सगळी जीप थरथरायला लागली. काळा धूर थेट काकूंच्या दोरीवरच्या कपड्यांवर गेला. त्या बाहेर आल्या आणि कपडे काढून घेऊन गेल्या. यांनी खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि डावा हात बॉनेटच्या कडेवर ठेवला. "व्हयनं," एवढंच म्हणाले. झालं. दिरांनी पेढे आणायला आपली गाडी काढली. मी आत जाऊन साबणाने हात धुतले, पण डिझेलचा वास दोन दिवस गेला नाही. पोळ्यांना येत होता.

परवानगी आणि तपासणी पुढे रीतसर झाली. एवढं होईपर्यंत आम्ही दोघंही एक गोष्ट बोललो नव्हतो, ती म्हणजे जीप चालवणार कोण. यांच्या उजव्या हातात स्टिअरिंग धरण्याइतकी ताकद आलेली नाही, आणि येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. माझ्याकडे चारचाकीचं लायसन्स होतं, मुलाच्या गाडीवर शिकलेली. दिरांनी मला मोकळ्या रस्त्यावर नेऊन जीपची सवय करून दिली. स्टिअरिंग इतकं जड की वळणावर मी सीटवरून अर्धी उठते. यांना वर चढवायला स्टूल लागतं. दवाखान्याला आम्ही अजून रिक्षानेच जातो.

यावलच्या पुढे पायथ्याकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. केळीच्या बागा संपल्या, रस्ता चढायला लागला आणि इंजिन दुसऱ्या गिअरवर आलं. छोटं इंजिन, जड गाडी. हे थोडा वेळ कान देऊन आवाज ऐकत होते, काही खटकलं नसावं. मग मान एका बाजूला कलली आणि यांना झोप लागली. मी एका कडुनिंबाखाली जीप थांबवली. यांना उठवायचं कशाला म्हणून थर्मासमधला चहा काढून एकटीच पीत बसले. खांदे भरून आले होते. पुढे सातपुड्याचे डोंगर दिसत होते, त्यांच्याकडे बघण्याचीही मला घाई नव्हती.

लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली एक बाई रस्त्याने येत होती. सावलीत येऊन तिने मोळी उतरवली आणि जीपच्या चाकाला टेकून बसली. माझ्याच वयाची असेल, किंवा लहानही. तिने यांच्याकडे पाहिलं. "आजारी शे का?"

"आजारी होते. आता बरे आहेत."

"तू चालवस?"

"हो."

मी तिला झाकणात उरलेला चहा दिला. तिने तो प्यायला आणि झाकण पदराने पुसून परत केलं. तिचं गाव वर होतं, चढ ओलांडून. मी म्हटलं, "बसा मागे, सोडते." आम्ही दोघींनी मोळी उचलून मागे टाकली. इंजिन सुरू झाल्यावर हे जागे झाले, मागे वळून बाईकडे पाहिलं आणि मान हलवली, जसं काही तिचं येणं ठरलेलंच होतं.

चढावर जीप फारच हळू झाली. मागून आवाज आला, "तुमनी गाडी बैलना मायक चालस."

बैलासारखी चालते म्हणे. हे हसले. झटक्यानंतर यांचं हसू एकाच बाजूने फुटतं. गावाच्या अलीकडे तिने थांबवायला सांगितलं, मोळी डोक्यावर चढवून घेतली आणि शेतातल्या पायवाटेला लागली. मी जीप वळवायला घेतली. रस्ता अरुंद होता, मागेपुढे बरंच करावं लागलं.