बाहुलीला लावलेली तीट

माझं माहेर पुण्याचं, सासर जपानी आणि संसार जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला. सासरे इथल्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि बिल्डिंगच्या तळघरात, आमच्या केलरमध्ये, लेथ बसवून त्यांनी वडिलांचं काम पुन्हा सुरू केलं: लाकडी बाहुल्या. गोल डोकं, सरळ धड. हात नाहीत, पाय नाहीत. चेहरा मात्र प्रत्येक घराचा ठरलेला, बापाने मुलाला शिकवलेला. पण मग सासऱ्यांचा हात थरथरायला लागला. लेथवर हात टेकवता येतो, कुंचल्याने डोळे काढताना येत नाही.

त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, "हो, हो, रविवारी बघू" म्हणत कितीतरी रविवार घालवले. शेवटी कुंचला आला माझ्याकडे. घरात रिकामटेकडी मीच ना! ऑफिस, उशिरा येणारी एस-बान लोकल, किटामधून, म्हणजे पाळणाघरातून, लेकीला आणणं, स्वयंपाक, आणि शिवाय केलरमध्ये बसून वर्तमानपत्रावर डोळे काढणं. एका डोळ्याला एकच फटकारा, तोही श्वास रोखून. अख्खा हिवाळा बाहुलीचे डोळे काढताना माझे मिटत होते. खरं सांगते, वैताग आला होता.

एका शनिवारी सासऱ्यांनी खरी बाहुली पुढे ठेवली. चेहरा घराचा उतरला तर ते तळाला घराचं नाव लिहिणार, नाहीतर बाहुली सरपणात.

उतरला! इतकी गोड दिसली, की लेकीला रोज लावते तशी तिच्याही गालावर मी काळी तीट लावून मोकळी झाले.

सासरे बघतच राहिले. सगळ्या हिवाळ्याचं मातेरं केलं, असं वाटून मला रडू आलं.

"ओतोसान," मी नवऱ्यासारखीच त्यांना बाबा म्हणते, "दृष्ट लागू नये म्हणून लावतात आमच्याकडे. लहान मुलांना." आमचं बोलणं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये.

"मुद्दाम बिघडवता?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. थोडंसंच."

त्यांनी कुंचला घेतला. हात स्थिर असताना केलेली त्यांची शेवटची बाहुली फळीवरून उतरवली आणि तिच्या गालावर ठिपका टेकवला. हात थरथरला, ठिपका हनुवटीकडे घसरला.

"चुकलं?"

"तीट कधी चुकत नाही, ओतोसान."

खूप दिवसांनी ते हसले. मग माझी बाहुली उलटी करून त्यांनी तळाला घराचं नाव लिहिलं, वेडंवाकडं.

मी वर आले आणि सोफ्यावर आडवी झाले. नवऱ्याला म्हटलं, "आजचा स्वयंपाक तुझा. तुझ्या घराचा चेहरा काढून दमलेय मी."