पाच घड्या आणि एक बोट

बन्सीमामा मिस्त्रींकडे सायकल घेऊन गेलं की ते सायकलीकडे बघायचेच नाहीत. आधी माणसाच्या पायांकडे बघायचे आणि म्हणायचे, "बूट काढा." पंचर असो, ब्रेक असो, बूट काढायचे म्हणजे काढायचे. मग गिऱ्हाईक नवं असेल तर खिळ्यावरची सुतळी काढून टाचेपासून जांघेपर्यंत माप घ्यायचे, तेवढा तुकडा कापून त्याला नावाची चिठ्ठी बांधायचे आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचे. बीडच्या भर बाजारात, समोरून आपलेच अकरावीचे विद्यार्थी जात असताना, एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या जांघेपर्यंत सुतळी गेली की त्याची काय अवस्था होते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. पुढचा आठवडाभर वर्गात कोणी हसलं की मला वाटायचं, सुतळीच आठवली असणार.

"मामा, पंचरसाठी पायाचं माप कशाला?" मी पहिल्या दिवशीच चिडून विचारलं होतं.

"पंचर आज हाय, उद्या न्हाई," ते म्हणाले. "पाय जलमभर राहतेत. आधी माणूस मापायचं, मंग गाडी."

मामांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. तिच्यात ते एका लाकडी पाटावर बसलेले असत. पाटाला खाली बेअरिंगची चार चाकं लावलेली. पाना हवा असेल तर उठायचं नाही, हाताने जमीन ढकलायची आणि घरंगळत तिकडे जायचं. मी त्या पाटाला महाराजांचा रथ म्हणायचो. मामा आळशी आहेत असं माझं ठाम मत होतं. संध्याकाळी दुकान बंद करून, ओट्याच्या कडेवरून सायकलवर बसून ते घरी जात, तेव्हा मात्र ताठ बसलेले, एका लयीत पायडल मारताना दिसायचे.

आता माझ्या शहाणपणाकडे वळतो. चाळिशी उलटल्यावर मला सायकलीचं वेड लागलं. साधं वेड नाही, रेसची सायकल, तंग कपडे, काळा चष्मा, सगळं. एकदा स्टाफरूममध्ये चहाच्या भरात मी बोलून बसलो, "पन्नाशीच्या आत मांजरसुंब्याचा घाट पाय न टेकता चढून दाखवीन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की माणसाला माघार घेता येत नाही. पन्नाशीला दीड वर्ष उरलं होतं, आणि अर्ध्या घाटात माझा पाय टेकायचाच टेकायचा.

दोष पायांचा असेल, असं मला एकदाही वाटलं नाही. मी क्रँक बदलायचं ठरवलं. क्रँक म्हणजे पायडल ज्या दांड्याला लावलेलं असतं तो दांडा आणि मधली दात्यांची चकती. चार महिने मी मोबाइलवर क्रँकचेच व्हिडिओ बघत होतो. कुठला किती ग्रॅम, कुठला किती ताठ, कुठल्या चकतीला किती दाते. मुलीच्या लग्नासाठी स्थळं बघताना आमच्या दादांनी एवढी चौकशी केली नसेल. शेवटी पुण्याला जाऊन कार्बनचा क्रँक घेतला. काळाभोर, गुळगुळीत, हातात घेतला तर पिसासारखा. किंमत घरी अजून सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "सर, उंची?"

माझी उंची पाच फूट चार इंच. मी म्हणालो, "पाच सात."

का म्हणालो, देव जाणे. समोर सगळे उंचेपुरे लोक उभे होते आणि जीभ घसरली. तिने एकशे बहात्तर मिलिमीटर लांबीचा दाखवला, तर मी म्हणालो, "एकशे पंच्याहत्तर नाही का?" दांडा लांब तर जोर जास्त. तरफेचा नियम मी वीस वर्षं शिकवतोय, मला कोण काय सांगणार!

बीडला आल्यावर मामांना दाखवायला गेलो. खरं म्हणजे मिरवायला गेलो. मामांनी हात पुसले, क्रँक न्याहाळला आणि विचारलं, "दोनशे ग्राम कमी कराया पुण्याला कशापायी गेलता सर? घाटावरच्या धाब्यावर भजे खाता, ते जरा कमी करायचे." मग माझ्या पायांकडे बघितलं. "लई लांब हाय तुमाला. गुडघा दुखल."

"मामा, तरफ जेवढी लांब..."

"तरफ बराबर हाय हो. पाय कुणाचा हाय?"

मी भडकलो. म्हणालो, "हे कार्बन आहे, जुन्या सायकलीसारखं पिन ठोकून बसवायचं काम नाही. तुम्हाला काय कळतंय यातलं?"

ते एवढंच म्हणाले, "बराबर हाय सर." आणि पाट ढकलून दुसऱ्या चाकाकडे गेले. मी क्रँक दुसरीकडून बसवून घेतला.

पहिल्या रविवारी पाली गाव ओलांडून घाट चढायला लागलो. तिसऱ्या वळणावर उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. उतरलो. मागून ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत भांडीकुंडी आणि माणसं. वरून एका बाईने विचारलं, "काय झालं सर, पंचर हाय का?"

"हो," मी म्हणालो. आणखी एक थाप.

त्यांनी मला सायकलसकट वर घेतलं. अशा रीतीने माझा जगातला एक उत्तम क्रँक मांजरसुंब्याचा घाट चढला, पाण्याच्या घागरी आणि एका शेळीच्या मधे बसून.

डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. तीन आठवडे मी मामांच्या दुकानासमोरून जायचं टाळत होतो, लांबच्या गल्लीने कॉलेजला जायचो. शेवटी गेलोच. गेल्या गेल्या बूट काढले.

मामा हसले नाहीत. विचारलं, "पुण्याला उंची किती सांगितली?"

"पाच सात."

"आन हाय किती?"

"पाच... चार."

"मंग बराबर हाय की. क्रँक त्या पाच सातवाल्याचा हाय. तुमी खामखा मधी आलात."

मग मीच म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी जे बोललो ते फार चुकीचं बोललो. मला माफ करा." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, खिळ्यावरून माझ्या नावाची जुनी सुतळी काढली, तिच्या पाच सारख्या घड्या केल्या, वर एक बोट आडवं ठेवलं आणि म्हणाले, "हे तुमचं माप." मी पट्टी लावली. एकशे पासष्ट मिलिमीटर. रात्री मोबाइलवरच्या सगळ्या तक्त्यांशी ताडून बघितलं. माझ्या पायाला एकशे पासष्टच.

लांब क्रँक एका सहा फुटी दंतवैद्याला देऊन टाकला आणि एकशे पासष्टचा मागवला. तो बसवण्याआधी मामांनी साबणाने हात धुतले. मी ताकद मोजणारा पाना नेला होता, तो ठरलेल्या जोराला टक् वाजतो. मामांनी आधी हाताच्या अंदाजाने आवळलं आणि मग तो पाना लावला. वाजेना. अजून अर्धा आटा फिरवावा लागला.

"यंत्र बराबर हाय," मामा मनापासून हसत म्हणाले. "आमी चुकलो."

तेवढं वाक्य बोलायला मला तीन आठवडे लागले होते.

पन्नाशीला महिना असताना मी घाट चढलो, पाय न टेकता. वर पोचून आधी घरी नाही, मामांना फोन केला. पलीकडून विचारणा झाली, "उतरलात का कुठं?" मी नाही म्हणालो. "मंग भजे खा आज," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घामच असेल, असं भजीवाल्याला सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेराव्यानंतर मामींनी मला घरी बोलावलं. "सर, यांची सायकल तुमी न्या. आमच्यात कुणालाच ती चालवता येईना. बसलं की लंगडती म्हणतेत."

अंगणात ती जुनी काळी सायकल उभी होती. साखळी तेल दिलेली, चाकं सरळ. मी खाली वाकलो. उजवा क्रँक नेहमीचा होता. डावा चांगला दोन बोटं आखूड, लहान मुलांच्या सायकलीचा काढून बसवलेला.

"त्यांचा डावा पाय आखूड हुता की," मामी म्हणाल्या. "ल्हानपणी तापात गेलता. चालताना लई लंगडायचे, सायकलीवर कळायचं न्हाई. तुमाला ठाव न्हवतं?"

बारा वर्षं. बारा वर्षं मी त्या दुकानात जात होतो. त्या माणसाने माझे पाय सुतळीने मोजून जपून ठेवले होते, आणि मी त्याच्या पाटाला रथ म्हणत होतो. त्यालाच मी म्हणालो होतो, तुम्हाला काय कळतंय यातलं.

मी सायकलवर बसलो. अंगणात एक फेरी मारली. डावं पायडल खाली आलं की दर वेळी गुडघा अडकल्यासारखा व्हायचा, कंबर कलायची. दुसरी फेरी निम्मी झाली आणि मी पाय टेकला.

"काय बिघाड हाय का सर तिच्यात?" मामींनी काळजीने विचारलं.

"नाही मामी," मी म्हणालो. "गाडी बराबर आहे. पाय माझे चुकीचे आहेत."