निकासियाच्या वाडग्याचा तळ

निकासिया हुआरेसची जीभ बोकडाच्या शिंगासारखी. समोर कोण उभं आहे ते न बघता लागायची. सांतियागो देल एस्तेरोच्या काटवनात तिचं दोन खोल्यांचं मातीचं घर, हातानं खणलेलं तळं आणि फांद्या रचून केलेलं शेळ्यांचं वाडगं. ह्याच घरात ती जन्मली. ह्याच घरातून तिचा नवरा लाकूडतोडीला गेला आणि झाडाखाली सापडून मेला. पोरं बुएनोस आयरेसला कामाला लागली. दोनदा आईला न्यायला आली. "आन् शेळ्या काय बसच्या टपावर घालू?" म्हणून तिनं दोन्ही वेळा त्यांना माघारी लावलं.

आता सोयाबीनवाल्या एका कंपनीनं सगळ्या रानाचे कागद आपल्या नावावर काढले होते. कंपनी म्हणे, ही म्हातारी इथं काल-परवा घुसलीय. वीस वर्षांची सलग वहिवाट शाबीत झाली तर जमीन निकासियाची, नाहीतर बुलडोझरची. तो ओढ्यापलीकडे येऊन उभाच होता. दिवसभर झाडं मोडल्याचा आवाज यायचा आणि शेळ्या कान टवकारून चरायच्या.

तिचा वकील आर्गान्यारास. त्याच्या कचेरीत दर जूनला अमेरिकेतल्या कायद्याच्या कॉलेजातून एक स्पॅनिश बोलणारं पोर शिकायला यायचं, आणि त्याला निकासियाच्या घरी ठेवायचं हे ठरलेलं. तिकडे सुट्टी असते म्हणून ह्याला उन्हाळी प्रशिक्षण म्हणतात. इकडे दक्षिणेत जून म्हणजे ऐन हिवाळा, बादलीतलं पाणी गोठतं. यंदा आलेली येसेनिया झिरझिरीत कपड्यांत कुडकुडत उतरली, तेव्हा निकासियानं नवऱ्याची घोंगडी तिच्या अंगावर फेकली.

"तुमच्या कॉलेजात आभाळाकडं बघाय शिकवत न्हाईत व्हय गं?"

पोरीचे आईबाप एल साल्वादोरचे. ह्यूस्टनमध्ये कचेऱ्यांच्या फरश्या पुसून त्यांनी तिला शिकवलेलं. "आमच्या घरी स्पॅनिश दोनच कामाला, आजी," ती म्हणाली. "जेवायला बोलवायला आणि शिव्या द्यायला. कोर्टातली शिकायला आलेय."

"मग शिव्यांचं शिक्षान हितंच पुरं करून जा."

न्यायाधीश जागेची पाहणी करायला येणार असं ठरलं. आर्गान्यारासनं पोरीला आधीच बजावलं होतं, "तू बघायचं आणि लिहून घ्यायचं. तोंड उघडायचं नाही. विद्यार्थिनी मध्ये बोलली की समोरचा वकील सगळी पाहणीच रद्द करायला बघेल." मग तो दुसऱ्या खटल्यासाठी शहरात गेला.

येसेनिया घराभोवती फिरली आणि काळजीत पडली.

"आजी, कुंपण कुठंय?"

"कुंपान मालक लोक घालत्यात. आमी शेळ्या सोडतो."

"पण न्यायाधीशांना दिसणार काय? आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, वहिवाट म्हणजे कुंपण."

निकासियाच्या मनात पाल चुकचुकली. पण पलीकडे बुलडोझर घरघरत होता, आणि पोरगी शिकलेली. शेतकरी संघाच्या गोदामातून काटेरी तार आणली. दोघींनी घरापासून वाडग्यापर्यंत खांब रोवले. शेवटचा खांब वाडग्याच्या कोपऱ्यातच घ्यावा लागला. येसेनियाच्या तळव्यांना फोड आले होते.

"आजी, इथं माती लागतच नाही. नुसत्या लेंड्याच निघताहेत!"

"मंग काय सोनं लागंल? खण."

पाहणीच्या सकाळी दोन गाड्या आल्या. एकीतून न्यायाधीश बारियोनुएवो बाई, त्यांचा कारकून आणि एक हवालदार उतरले. दुसरीतून आर्गान्यारास आणि कंपनीचा वकील. आर्गान्यारासनं तार बघितली आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे कुणी केलं?" तो दातांवर दात दाबून म्हणाला.

निकासियानं पोरीकडे बघितलंही नाही. "म्या."

कंपनीच्या वकिलानं तारेवरून रुमाल फिरवला आणि तो वर धरला. गंजाचा ठिपका नाही. "न्यायाधीश बाई, ही वहिवाट परवाची आहे. फार तर तेरवाची." मग वाडग्याकडे वळून म्हणाला, "ह्या फांद्याही ताज्याच."

"फांद्या दर दोन-तीन सालाला बदलाव्या लागत्यात रं बाबा! सडत्यात त्या!"

"आणि घराचं छप्पर?"

"वादळानं नेलं. नवं घातलं."

"म्हणजे जुनं काहीच नाही."

कारकून लिहीत होता. शेजारी साक्ष द्यायला तयार होते, पण ते सगळे तिचे चुलत-मावस, कंपनी त्यांना खोटं पाडणार. निकासियानं नव्या तारेकडे बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कंपनीच्या वकिलाला चेव आला. वाडग्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला त्यानं बुटानं लाथ हाणली. खांब सैलच होता, बुडासकट उपटून पडला. "बघा! हलवलं की पडतंय!"

खड्डा काळाभोर उघडा पडला. येसेनिया त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. तिचे ओठ हलले, आणि आर्गान्यारासनं डोळे वटारले. ती सरकत निकासियाच्या कानाशी आली.

"आजी, तिथं माती लागली नव्हती. माझा हात काखेपर्यंत आत गेला होता. तुम्ही बोला. तुम्हाला बोलता येतं, मला नाही."

निकासियाला आधी कळेना. जन्मभर जे पायाखाली तुडवलं त्यात बघायचं काय? मग कळलं. फांद्या बदलल्या, छप्पर बदललं, पण हे खालचं कधीच कुणी बदललं नव्हतं.

"बाई," ती पुढे झाली. "माझी गंज नसलेली तार बघितलीसा. आता माझ्या शेळ्यांचं खालचं बघा. खणा हितं."

कंपनीचा वकील हसला. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी हवालदाराला फावडं घ्यायला सांगितलं.

तो गुडघाभर उतरला. लेंड्याच. मांडीभर उतरला. लेंड्याच, पण आता खुरांनी दाबून पेंडीसारख्या घट्ट, थरावर थर. फावडं जाईना म्हणून पहार घेतली. पलीकडचा बुलडोझर जेवणासाठी थांबला होता, त्यामुळे पहारेचा प्रत्येक घाव ऐकू येत होता. आता माती लागली तर संपलं. निकासिया पदराशी चाळा करावा तशी शालीचा काठ पिळत होती.

कमरेइतक्या खोलीवर राखेचा पांढरा पट्टा लागला.

"हे काय?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"वाडगं पेटलं हुतं. धाकटा पोटात हुता माझ्या. आता त्याचीच पोरगी शाळंला जाती."

हवालदार डोकं वर करून म्हणाला, "बाई, अजून तळ लागला नाही."

"लेंडीवर तारीख नसते," कंपनीचा वकील म्हणाला.

"तारेवरही नव्हती," न्यायाधीश बाई म्हणाल्या, "पण तुम्ही वाचलीत." आणि कारकुनाकडे वळल्या. "तारेची नोंद घेतलीत ना? आता खड्ड्याची घ्या. थर मोजून घ्या. राखेखालचेसुद्धा."

गाड्या धुरळा उडवत गेल्या, तशी येसेनिया तारेजवळ बसून रडायला लागली.

"उठ," निकासिया म्हणाली. "रडून तार निघत न्हाई. शेळ्या येतील सांजंला, फाटतील."

दोघींनी तार गुंडाळून ठेवली. ऑगस्टमध्ये पोरगी गेली. निकाल आला तेव्हा रानात अल्गारोबोच्या काटेरी झाडांवर शेंगा पिकल्या होत्या आणि निकासिया त्या झोडपत होती. जमीन तिची ठरली. आर्गान्यारासनं निकाल वाचून दाखवला, तेव्हा तिनं एकच विचारलं, "पोरीला कळीवलंस?"

बुलडोझर दुसरीकडे गेला. खड्डा तिनं बुजवला नाही. कोपऱ्यात दोन फांद्या आडव्या टाकल्या, तो भरायचं काम शेळ्यांवर सोडलं.