सोळा जणांची हजेरी

उजव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर उचलून धरायचं आणि म्हणायचं, "वाचा ताई. घाई कुणाला आहे?" हे साहेबांचं रोजचं. घाई मला असायची. अजून दोन घरच्या पोळ्या बाकी असायच्या. पण ते बोट तसंच हवेत राहायचं, म्हणून मी वाचायची.

शहराच्या कडेला, वासण्याला, तिसऱ्या मजल्यावर ते एकटे राहत. मूळचे जुन्या शहरातल्या रावपुऱ्यातले. आजोबा-पणजोबा संस्थानात अंमलदार होते. भावांनी घर विकलं तेव्हा हे आपल्या वाट्याची पुस्तकं घेऊन फ्लॅटमध्ये आले. लग्न केलेलं नव्हतं. मी प्रतापनगरची, शिपायांच्या घरातली, चौथी शिकलेली. पोळ्या लाटायला त्यांच्याकडे जायची.

तुम्हीही पाहिलं असेल, नोकरी संपली की माणसं ऑफिसातून नारळ आणि शाल घेऊन घरी येतात. हे भंगारात निघालेली एक लोखंडी पेटी घेऊन आले. आत हिरव्या पाट्या, पाट्यांवर सोळा चिपा. तरुणपणी त्यांनी आणि आणखी सहा जणांनी मिळून ती चालवायची सिस्टिम लिहिली होती.

"हे काय करतं?" मी विचारलं.

"सोळा कामगार आहेत. एकच मोठं काम वाटून घेऊन एकाच वेळी करतात. पण त्यांना दार एकच. दारात एक मोठा कॉम्प्युटर उभा असायचा, काम आत द्यायचा, झालेलं बाहेर घ्यायचा. तो मेला. आता त्याच्या जागी हा साधा घरातला कॉम्प्युटर उभा करायचा, आणि आतल्या सोळांना काही बदललंय हे कळताही कामा नये."

"म्हणजे मुकादम बदलायचा."

"बस, एवढंच," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले.

एवढंच नव्हतं. नव्या मुकादमाची भाषा ते स्वतः लिहीत होते. पण सोळांच्या डोक्यात घालायचं जे जुनं होतं, त्याच्या डिस्का बुरशीने खाल्लेल्या. उरली होती फक्त कागदावरची छापील प्रत. गठ्ठाभर पानं, नुसते आकडे आणि मध्ये मध्ये इंग्रजी अक्षरं. पानांचे नंबर वाळवीने कुरतडलेले. त्यांची नजर गेलेली. पडद्यावरचं मोठं करून कसंबसं दिसे, कागदावरचं नाही. म्हणून मी. अक्षरं ए ते एफ, सहाच. ती त्यांनी मला एका दुपारी शिकवली. मला इंग्रजी आजही तेवढंच येतं.

"एक अक्षर चुकलं तरी सोळाही गप्प बसतील," त्यांनी आधीच सांगितलं होतं.

रोज दोन पानं. पोळ्या झाल्या की मी हात पुसून बसायची. चार महिने लागले. मग त्यांनी मशीन चालू केलं. पडद्यावर हजेरी यायला हवी होती, प्रत्येकाची एक ओळ. एकही आली नाही.

मग ते चूक शोधायला लागले. स्वतःची. मुकादमाचं सगळं पुसून पुन्हा लिहिलं. तेही चालेना.

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेननी मला जिन्यात गाठलं. "मासी, काका आखो दिवस शुं करे छे?"

"दिवसभर मजुरांची हजेरी घेतात."

"केटला मजूर?"

"सोळा. पण कामावर कुणी येत नाही."

त्या हसल्या. मीही हसले. मला हसायला नको होतं.

एक दिवस जेवता जेवता त्यांनी विचारलं, "ताई, मी हल्ली बोलण्यात चुकतो का? तेच तेच बोलतो?"

"नाही. का?"

"माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी हिशेब चुकायला लागले. शेवटी मला ओळखेना." मग म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला बोलवा. पेटी देऊन टाकू."

तेव्हा मी सांगितलं. "साहेब, एक पान मी वाचलंच नव्हतं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. सोडवायला गेले तर फाटायला लागलं. उशीर झाला होता. म्हटलं, एवढ्या गठ्ठ्यात एक पान गेलं तर काय होतंय."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता ही नोकरी गेली.

"म्हणजे मी वेडा होत नव्हतो," ते म्हणाले.

"नाही. मी मूर्खपणा केला."

"आळस केलात. मूर्खपणा वेगळा. चहा ठेवा आणि ते पान आणा."

वाफेवर धरून मी पान सोडवलं. वाचलं. त्यांनी बटण दाबलं आणि मला म्हणाले, "मोजा." मी पडद्याला नाक लावून मोजलं. सोळा ओळी. "पुन्हा मोजा," म्हणाले. पुन्हा सोळा.

त्या संध्याकाळी त्यांनी जुन्या सहा जणांना कळवलं. दोघं वारलेले निघाले. तिघांकडून काहीच आलं नाही. एकाने परदेशातून लिहिलं, छान, पण हे काम आता खिशातला फोन करतो. त्यांनीच मला ते वाचून दाखवलं. "खरं आहे त्याचं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोळ्या झाल्यावर मी चपला घालत होते. आतून हाक आली. "ताई, पहिल्यापासून पुन्हा वाचू या. तपासायला."

"कशाला? सोळा आले ना?"

"आले. तरी."

मी बसले. दोन पानं वाचली. त्यांनी कीबोर्ड बाजूला सरकवलेला होता आणि हात मांडीवर होते. टाईप करायचं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशीही वाचलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी रोज दोन पानं वाचत होते आणि ते ऐकत होते. उरलेल्या दोन घरांपैकी एक मी सोडून दिलं.

गठ्ठा अर्धा झाला होता. एका सकाळी मला दारावर कुलूप दिसलं. बेन म्हणाल्या, रात्री छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, पोचेपर्यंत संपलं होतं.

दहा दिवसांनी पुतण्या घर रिकामं करायला आला. मुलगा चांगला आहे. भांडी मला देऊ केली, मी नको म्हटलं. त्याने पेटीकडे बोट दाखवलं. "काकी, हे बंद कसं करायचं?"

"मला ठाऊक नाही. मला फक्त मोजता येतं."

मी पडद्याजवळ गेले. एकाखाली एक सोळा ओळी उभ्या होत्या, कुणी काम देतंय का याची वाट बघत. त्याने भिंतीतली पिन ओढली.