खंडेनवमीला गायलेलं गाणं

झेंडूच्या वासात मशीनच्या तेलाचा वास मिसळला की आजही माझी मान खाली जाते. निघोज्यातल्या आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीन धुऊन, हार घालून पूजा होते. दहाएक वर्षांपूर्वी त्या पूजेनंतर मी गिटार घेतली, मित्रानं दिमडी धरली आणि मी माझं पहिलं गाणं म्हटलं. मला सोडून गेलेल्या मुलीचं.

ती मुलगी, वैशाली, आमच्याच क्वालिटी विभागात होती. आमचं जुळलेलं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं पहिल्याच कडव्याला माना तिच्याकडं वळल्या. ती प्रसादाचं ताट धरून तशीच उभी राहिली. पोरं ओरडली, "भावा, वन्स मोअर!" मी पुन्हा गायलो, जरा जास्तच जीव ओतून.

नंतर तिनं माझ्या हातावर खोबरं ठेवलं. हळू आवाजात म्हणाली, "चाल चांगली हाय. पण तुझ्या घरचे न्हाई म्हणतात म्हणून तूच थांबवलंस ना? मग गाण्यात मी कशी सोडून गेले?"

दिवाळीनंतर ती कामावर आली नाही.

काल पूजा झाल्यावर नवी पोरं म्हणाली, "दादा, तुमचं ते गाणं होऊन जाऊ द्या." मी गायलो. शब्द तेच ठेवले.