ई-मेलवरची बाळंतपणं

आम्ही बायका जमलो की हे किस्से निघतातच. एकीने सांगितला की दुसरीला आणखी एक आठवतो, आणि चहा गार होतो. दोन हजार एक-दोनच्या सुमाराला दुबई-शारजातल्या आम्ही मराठी बायकांनी एक ई-मेल ग्रुप काढला होता, फक्त गरोदर बायका आणि नव्या आयांसाठी. इथे ना आई जवळ, ना सासू. अर्ध्या रात्री पोटात दुखलं तर विचारणार कुणाला? मी आणि माझी मैत्रीण शुभदा, दोघी मिळून ग्रुप सांभाळायचो. सातवा महिना लागला की जवळपासच्या बायका आळीपाळीने त्या मुलीला घरचा डबा पोचवायच्या.

कुणी खोटं बाळंतपण आणेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

*

पहिली अबुधाबीची सोनाली. आठवा महिना म्हणायची आणि नको इतकं खासगी विचारायची. आम्ही भोळेपणाने सगळं सांगायचो. मग तिला मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी तिचा चार पानी ई-मेल आला! टाके नाहीत, जागरण नाही, सगळं कसं छान.

शुभदा म्हणाली, "तिसऱ्या दिवशी मला स्वतःचं नाव आठवत नव्हतं गं!"

सोनालीने दिलेल्या नंबरवर मी फोन केला. पुरुषाचा आवाज. "मॅडम सो रही है." सकाळी तेच, दुपारी तेच. चौथ्यांदा मी म्हटलं, "हबीबी, बाळंतीण एवढी झोपते होय? खलास, पुरे झालं!"

सोनाली म्हणून लिहिणारा तोच होता! आता हसतो आम्ही. पण आमच्या दोन मुलींनी त्यानंतर लिहिणंच सोडलं. आपल्या अंगाची दुखणी आपण कुणा पुरुषाला सांगत होतो, हे त्यांच्या मनातून जाईना. तेव्हा ठरलं, संशय आला की ग्रुपवर सगळ्यांना कळवायचं आणि त्या बाईला काढून टाकायचं.

*

दुबईत ऊद मेथा भागात आमच्या वरच्या मजल्यावर जोशीकाकू राहायच्या, मुलाकडे. कॉम्प्युटरला हात लावायच्या नाहीत, पण ई-मेल वाचताना माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या.

एकदा एका नव्या आईने बाळाचा फोटो पाठवला. तेव्हाचं इंटरनेट टेलिफोनच्या लाइनवर, फोटो वरून खाली इंचाइंचाने उतरायचा. मागून आमचे चिरंजीव ओरडतायत, "मम्मा, आय नीड द फोन!" कपाळ आलं, डोळे आले, हनुवटी आली.

काकू ताडकन उठल्या. "अगं, हे बाळ माझ्या स्वयंपाकघरात आहे! ग्रोसरीवाल्याच्या कॅलेंडरवर. मार्च महिना!"

*

हा किस्सा मी सांगत नाही, दुसऱ्या कुणी सांगितला तर खाली बघते.

इथे बाळंतपणाची फाइल उघडायला हॉस्पिटलात लग्नाचं सर्टिफिकेट लागायचं, तेही भारतातून शिक्के मारून आणलेलं. त्यामुळे खरी गरोदर बाई उलट्यांपेक्षा शिक्क्यांबद्दल जास्त रडायची. मी त्यावरून परीक्षाच बांधली होती. मीनल नावाची मुलगी शिक्क्यांबद्दल अवाक्षर काढेना, विचारलं तर विषय बदलायची. मी ग्रुपवर लिहून टाकलं, हिच्यावर संशय आहे.

मीनलचं लग्न गावच्या देवळात झालेलं, नोंदणी राहून गेलेली. तिच्याकडे सर्टिफिकेटच नव्हतं. लाजेने कुणाला न सांगता ती बाळंतपणाला रत्नागिरीला जायची तयारी करत होती. तिच्या मुलाच्या बारशाचं निमंत्रण ग्रुपमधल्या सगळ्यांना आलं, मला सोडून. चूक माझी होती, आणि ती अजून टोचते.

*

म्हणून शारजाच्या वैदेहीची शंका आली तेव्हा मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. वैदेही सगळ्यांची लाडकी. तिला कैरीचे डोहाळे लागले तर चार जणी बाजार पालथा घालायला तयार! पण सातवा लागला आणि तिने तीनदा डबा नाकारला. इथे डबा कुणी नाकारत नाही.

शुभदाने ग्रुपवर पाठवायचं पत्र लिहून ठेवलं. मी म्हटलं, आधी डोळ्यांनी बघून येते. काकू म्हणाल्या, "मी येते," आणि डबा भरून निघाल्या.

वैदेहीने दार उघडलं. पोट सपाट होतं. आम्हाला बघून तिने घाईने ओढणी पुढे घेतली, मग तिलाच कळलं, आता लपवण्यात अर्थ उरला नाही.

"यल्ला, आत तर घेशील?" काकू म्हणाल्या. 'चल' अशा अर्थाचा, नातवाकडून शिकलेला अरबी शब्द.

ती बसली आणि जमिनीकडे बघत बोलली. "लग्नाला नऊ वर्षं झाली, ताई. सगळी ट्रीटमेंट झाली. आता डॉक्टरही नाही म्हणाले. एक दिवस लिहून बसले, मला दिवस गेलेत म्हणून. दुसऱ्या दिवसापासून रोज कुणीतरी विचारायला लागलं, आज काय खाल्लंस? हे साइटवरून येतात ते थकून झोपतात. मला इथे असं कुणी विचारलंच नव्हतं."

मग तिने वर बघितलं. "सगळ्यांना सांगणार? ग्रुप गेला तर माझ्याशी बोलायला कुणी नाही हो."

मला लिहिणं सोडलेल्या त्या दोन मुली आठवत होत्या, आणि मीनलही. काकूंनी डब्याची झाकणं काढली. खिचडी, कढी, लोणच्याची फोड.

"आज काय खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग ताट घे."

ती जेवली. काकू वाढत राहिल्या, मी पाणी आणून दिलं.

घरी पोचते तोच शुभदाचा फोन. "काय गं, खरी की खोटी? पत्र पाठवू का?"

मी म्हटलं, "उद्याचा डबा तुझा."